राणीछाप रुपया अस्सल आहे का?

१९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया टांकसाळीतून बाहेर पडला. राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी कोरलेली होती आणि त्या साखळीत एक इवलासा हत्ती होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड आखूड ठेवली, पाय जाड केले, आणि लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले सुमारे ७ लाखच लोकांच्या हातात गेले होते, उरलेले वितळवले गेले. १९१२ पासून हत्तीला लांब, स्पष्ट सोंड मिळाली.

संग्राहक या नाण्याला ‘डुक्कर रुपया’ म्हणतात आणि त्यासाठी पुढच्या सालांच्या रुपयापेक्षा बरीच जास्त किंमत मोजतात. साहजिकच १९१२ च्या रुपयावरचा ‘२’ घासून, खरवडून त्याचा ‘१’ करणारेही असतात. पण साल बदलणाऱ्याला हत्ती बदलता येत नाही. रुपयावर १९११ आणि झग्यावर लांब सोंडेचा हत्ती असे दिसले, की तपास तिथेच संपतो. भिंग सोडले तर कसलेही यंत्र लागत नाही, फक्त त्या नाण्याचा इतिहास माहीत असावा लागतो.

या लेखात मी हेच सांगणार आहे. नाण्याचे साल, त्यावरची अक्षरे, वजन, कड, झीज या साऱ्या गोष्टी एकाच वेळी, एकाच टांकसाळीत आणि पुढे एकाच हयातीत घडलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. नकली नाणे करणारा त्यांतल्या एकदोन गोष्टी साधतो, सगळ्या साधणे त्याला परवडत नाही. त्यामुळे ‘हे नाणे खरे वाटते का?’ असे स्वतःला विचारू नका. ‘यातली कोणती गोष्ट दुसरीशी जुळत नाही?’ असे विचारा. न जुळणारी एक गोष्ट सापडली तरी नाणे परत ठेवायला तेवढी पुरेशी आहे.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये घेतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत, देवघरातल्या डबीत किंवा आजीच्या ट्रंकेत तेच सापडतात, आणि जुन्या बाजारात सर्वांत जास्त नकलाही त्यांच्याच असतात.

आधी सालांचा हिशेब

भिंग काढण्यापूर्वी साल वाचा. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला. चलनासाठी पाडलेल्या या रुपयांवर दोनच साले येतात: चौथ्या विल्यमच्या रुपयावर १८३५ आणि तरुण व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४०. पुढे अनेक वर्षे नाणी पडत राहिली, पण साल १८४० च राहिले. राणीच्या थेट अमलातला रुपया १८६२ चा. त्याचीही तीच गोष्ट. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ च छापले जाई. कोणता रुपया नेमका कोणत्या वर्षीचा हे टांकसाळ मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखत असे. म्हणजे कोणी १८६५ किंवा १८७० सालचा राणीछाप रुपया पुढे केला, तर तो हातात घेण्याचीही गरज नाही.

१८७६ पर्यंत रुपयावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असते, १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. ‘एम्प्रेस’ लिहिलेला १८६२ चा रुपया असू शकत नाही आणि ‘क्वीन’ लिहिलेला १८८५ चाही नाही. तरीही दोन्ही तऱ्हेचे रुपये बाजारात फिरतात, कारण नकली ठसे करणाऱ्याने पुढची बाजू एका नाण्यावरून आणि मागची दुसऱ्यावरून उचललेली असते. राणीचे रुपये १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डचे १९०३ ते १९१०, पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२. सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९३८ ते १९४५. शेवटचा त्याचा रुपया १९४७ चा, मागे वाघ असलेला, आणि तो चांदीचा नाही, निकेलचा आहे. एवढी यादी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली, तरी बाजारातल्या निम्म्या फसवणुकीतून सुटका होते असे माझे मत आहे.

याच कारणासाठी १८१८ सालच्या ‘ईस्ट इंडिया कंपनी’च्या नाण्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एका बाजूला रामदरबार, हनुमान, दुर्गा, ॐ किंवा कमळ आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचे नाव, ‘वन आना’ अशी अक्षरे, ही नाणी कंपनीने कधीही पाडली नाहीत. १८३५ पूर्वी कंपनीच्या बहुतेक रुपयांवर फारसी मजकूर आणि बादशहा शाह आलमचे नाव असे. देवदेवता असलेले हे तुकडे अगदी अलीकडचे आहेत. रामटंका नावाची मंदिरांतली, तीर्थक्षेत्रांतली धार्मिक पदके वेगळी. ती श्रद्धेने केलेली, जपलेली वस्तू आहे, पण चलनी नाणे तीही नाही. घरातल्या देवघरात असा तुकडा असेल तर तो तिथे सन्मानाने राहू द्या. मात्र तो लाखोंना विकला जाईल म्हणून कोणी नोंदणी फी मागत असेल, किंवा हे नाणे तांदूळ ओढते, त्यात इरिडियम आहे असे सांगत असेल, तर दार लावून घ्या. ‘राइस पुलर’च्या नावाखाली आयुष्याची पुंजी गमावलेल्या माणसांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आहोत.

एक तोळा

ब्रिटिशकालीन रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला तोळा. १८३५ पासून १९४५ पर्यंत प्रत्येक चांदीचा रुपया याच वजनाचा आहे आणि व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आता फार महाग नाही. जुन्या नाण्यांच्या वाटेला जायचे असेल तर पहिली खरेदी नाण्याची करू नका, काट्याची करा.

हाताळून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ भरतो, यात काही वावगे नाही. राणीच्या केसांच्या बटा स्पष्ट दिसत आहेत आणि वजन मात्र ११ च्या खाली आहे, तर ते वाईट लक्षण. वजन ११.८ किंवा १२ भरले तर तेही तितकेच वाईट. टांकसाळीत वजनाबाबत कडक शिस्त होती. वापराने नाणे हलके होते, जड होत नाही.

फक्त वजनावर थांबता येत नाही, कारण हलक्या धातूचे नाणे थोडे जाड केले की वजन जुळवता येते. तिथे घनता उपयोगी पडते, आणि ती घरी मोजता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. त्याला चिकटलेले बुडबुडे हलवून काढून टाका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा.

१९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे, म्हणून उत्तर १०.३ च्या जवळपास यायला हवे. पूर्ण वजनाच्या रुपयाला पाण्यातला आकडा सुमारे १.१३ येतो. त्याच वजनाचे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे नाणे १.३५ च्या आसपास आकडा दाखवते, तांब्याचे १.३०. फरक इतका मोठा आहे की चूक होण्याची शक्यता कमी. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त घातले. म्हणून १९४० ते १९४५ च्या रुपयाची घनता साडेनऊच्या आसपास येते. तो रुपया १०.३ दाखवत नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका.

या परीक्षेत नाण्याला ओरखडाही पडत नाही, म्हणून ती मला इतर सगळ्या परीक्षांपेक्षा आवडते. सराफाच्या कसोटीवर घासणे, आम्लाचा थेंब टाकणे, कानस लावून आत बघणे हे दागिन्यांसाठी ठीक असेल. दुर्मिळ नाण्यावर केलेला प्रत्येक ओरखडा कायमचा असतो. सराफाकडे क्ष-किरणांवर चालणारे कस तपासायचे यंत्र असते, त्याचा उपयोग जरूर करा, पण ते पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरतेच पाहते हे लक्षात ठेवा. जाड मुलामा असेल तर यंत्र चांदीच दाखवील. घनता मात्र संपूर्ण नाण्याची मोजली जाते.

लोहचुंबकाबद्दल थोडक्यात. चांदी, तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबकाला न चिकटणे हा अस्सलपणाचा पुरावा नाही. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर तो लोखंडी किंवा निकेलचा आहे, एवढेच कळते. आणि १९४७ चा वाघाचा रुपया, तसेच १९५० चा प्रजासत्ताकाचा पहिला रुपया निकेलचे असल्यामुळे ते चिकटायलाच हवेत. चिकटले नाहीत तर संशय घ्या.

मुलामा कुठे उघडा पडतो

पितळेच्या किंवा गिलटाच्या तुकड्यावर चांदीचा पातळ थर चढवलेले रुपये सर्वांत जास्त. पाव आण्याच्या तांब्याच्या नाण्यालाही चांदीचा मुलामा देऊन ‘चांदीचा पाव आणा’ म्हणून विकतात, आणि हल्लीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना सोन्याचा. विसाव्या शतकातले कमळाचे पिवळे वीस पैसे, १९६८ ते १९७१ चे, सोन्याचे नाहीत. तो पिवळा मिश्रधातू आहे.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि नाण्याच्या सर्वांत उंच भागांवर लक्ष द्या: राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाचे टोक, काठ. अस्सल जुन्या चांदीवर हे भाग उजळ असतात आणि खोलगट जागी, अक्षरांच्या मुळाशी काळसर छटा साचलेली असते, कारण बोटांनी उंच भाग घासले गेले आणि खोल भागात हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडत राहिली. मुलाम्याच्या नाण्यात हे उलटे होते. उंच भागावरचा थर आधी झिजतो आणि तिथून पिवळी किंवा तांबूस धातू डोकावते. कडेच्या दातांच्या टोकांवरही तीच पिवळसर झाक दिसते. खोल भागात मात्र चकाकी तशीच असते.

दुसरी खूण ओरखड्यांची. जुन्या नाण्यावर ओरखडे असणारच. भिंगाखाली बघा की ओरखड्याच्या तळाशीही बाहेरच्यासारखाच चकचकीत थर आहे का. असेल, तर ओरखडा आधी पडला आणि चांदी नंतर चढली. टांकसाळीतून बाहेर आलेल्या नाण्यावर चांदी नंतर चढवण्याचे काहीच कारण नाही. मुलाम्यात बारीक फुगे, पापुद्रे, अक्षरांच्या कोपऱ्यांत गोठल्यासारखे साठलेले थेंबही दिसतात.

हीच रीत ‘चुकीच्या धातूतली’ नाणी तपासायला उपयोगी आहे. टांकसाळीत चुकून दुसऱ्याच धातूच्या चकतीवर ठसा पडल्याची उदाहरणे आहेत आणि तशा नाण्यांना किंमतही येते. म्हणून १९७५ ते १९८२ चा तांबे-निकेलचा एक रुपया घेऊन त्याला तांब्याचा मुलामा देतात आणि ‘तांब्याचा रुपया, टांकसाळीची चूक’ म्हणून विकायला ठेवतात. काट्यावर ठेवा. मूळ रुपया ८ ग्रॅमचा आहे. मुलाम्याचा तुकडा ८ किंवा किंचित जास्त भरेल. वेगळ्याच धातूच्या चकतीवर छाप पडला असता तर वजन वेगळे आले असते.

कडेकडे कोणी बघत नाही

विकणारा नाण्याची एक बाजू दाखवतो, मग दुसरी. तुम्ही मात्र कड बघा. ओतीव नकलेत साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे बारीक रेघ राहते. ती कानशीने घासून काढली असेल तर दात पुसट होतात किंवा तिरपे ओरखडे दिसतात. ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात, अक्षरांच्या कडा बोथट, साबणासारख्या गुळगुळीत वाटतात, आणि धातू थंड होताना आकसत असल्यामुळे व्यास थोडा कमी भरतो. टांकसाळीत दाबाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे पृष्ठभागातून सरळ उभी राहतात.

१९४० पासूनच्या चांदीच्या रुपयांना खास सुरक्षा-कड दिलेली आहे: दातांच्या मधोमध एक खाच आणि तिच्यात नक्षी. चांदी निम्म्यावर आल्यावर नकला वाढू नयेत म्हणून ती आणली गेली आणि तिची नीट नक्कल करणे आजही सोपे नाही. त्या सालांच्या रुपयाची कड साधी दातेरी असेल, किंवा खाचेतली नक्षी पुसट, तुटक असेल, तर दुसरे काही तपासायची गरज उरत नाही.

कडेवर आणखी एक गोष्ट कळते. एके काळी रुपये गळ्यातल्या माळेत ओवत, त्यांना वर कडी डाखवलेली असे. नंतर कडी काढून, डाग घासून, दात कोरून ते ‘स्वच्छ’ नाणे म्हणून विकले जाते. राजाच्या डोक्याच्या बरोबर वरच्या कडेला दात विरळ किंवा असमान दिसले, तिथे रंग वेगळा वाटला, तर कडी काढलेली आहे असे समजा. असा रुपया खोटा नसतो, पण सदोष असतो आणि त्याची किंमत चांदीच्या भावाच्या फार वर जाऊ नये.

दोन्ही बाजूंना छापा असलेली नाणीही कडेवरच उघडी पडतात. एका नाण्याचा आतला भाग पोखरून त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग बसवतात. जोड बहुधा काठाच्या आतल्या गोलाईत लपवलेला असतो. असे नाणे बोटाच्या टोकावर तोलून पेनने हलके टिचकावले तर आवाज बद्द येतो. अस्सल चांदीचा रुपया खणखणीत आणि लांब वाजतो. हा आवाज ओळखायचा तर आधी अस्सल रुपया वाजवून कान तयार करा. फरशीवर आपटून मात्र कधी बघू नका.

आकडे कोरणाऱ्याचा हात

सालातला फेरफार ओळखणे सर्वांत अवघड, कारण नाणे अस्सल असते. खोटा असतो तो फक्त एक आकडा. वजन, घनता, आवाज सगळे जुळते.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. पूर्ण कसाच्या चांदीचा हा शेवटचा रुपया, मुंबईच्या टांकसाळीचा. तो फार थोडा बाहेर राहिला, म्हणून त्याची किंमत त्याच्या आदल्या वर्षाच्या रुपयाच्या कितीतरी पट आहे. १९३८ चा रुपया मात्र सहज मिळतो. ८ चा डावीकडचा खालचा भाग कापला की ९ तयार होतो. तपासायला एक सोपा मार्ग त्या नाण्यावरच आहे: १९३९ मध्ये दोन ९ आहेत. भिंगाखाली दोन्ही शेजारी शेजारी बघा. डोक्याचा गोल तेवढाच आहे का, शेपटी त्याच वळणाची आणि जाडीची आहे का, उंची सारखी आहे का. ८ मधून काढलेल्या ९ ची शेपटी बहुधा जाड किंवा जास्त बंद राहते. १९११ मध्ये तर तीन १ आहेत, शेवटचा बाकीच्या दोघांशी ताडून पाहता येतो.

नंतर आकड्याभोवतीचे मैदान बघा. धातू काढून टाकली असेल तर तिथे बारीक ओरखडे, खळगा किंवा अनैसर्गिक चमक दिसते. दिव्याचा प्रकाश बाजूने, अगदी तिरपा पाडा आणि नाणे हळूहळू फिरवा. समोरून पडणाऱ्या उजेडात लपलेला खळगा तिरप्या उजेडात सावली टाकतो. आकडा वरून चिकटवला असेल तर त्याच्या मुळाशी रेघ किंवा डिंकासारखा पदार्थ दिसेल. ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने तो सुटतो; ॲसिटोन चांदी-तांब्याला अपाय करत नाही, पण ते लगेच पेट घेते, म्हणून विस्तवापासून दूर, खिडकी उघडी ठेवून वापरा. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर सालाखालच्या टांकसाळीच्या खुणेबाबतही हेच करतात. मुंबईची खूण हिरकणीच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. म्हणून खूण घासून ‘कोलकाता’ बनवणे सोपे पडते. जिथे खूण असायची त्या जागेवर तिरपा उजेड टाका.

महाग नाणे घेण्यापूर्वी त्याच जातीचे स्वस्त, खात्रीचे नाणे जवळ ठेवा. पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया यासाठी उत्तम. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने १९१८ चा पिटमन कायदा करून कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली. त्यातून इथल्या टांकसाळींनी रुपये पाडले. त्या काळचे रुपये म्हणूनच आजही मुबलक आहेत. एक हातात ठेवा, दात मोजा, अक्षरांची उंची पाहा, आवाज ऐका. लांब सोंडेचा हत्ती त्याच्यावर रोज पाहिला की १९११ चा आखूड सोंडेचा हत्ती चटकन वेगळा कळतो.

शिवराई आणि होन

हाताने ठोकून पाडलेल्या नाण्यांना वरचे वजन-व्यासाचे काटेकोर नियम लागू पडत नाहीत. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, पण चकती ठशापेक्षा बहुधा लहान असल्यामुळे काही अक्षरे बाहेर गेलेली असतात. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराया पाडल्या जात राहिल्या, म्हणून तांब्याची साधी शिवराई अजून परवडण्याजोगी आहे आणि बहुतेक अस्सल आहे. खोटेपणा सुरू होतो तो ‘महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळची’ असे सांगून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या नाण्यांपाशी.

हाताने ठोकलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. चकतीचा आकार, ठसा पडण्याची जागा, काठावरची चीर दर वेळी वेगळी असते. विकणाऱ्याकडच्या दोन शिवरायांवर तीच चीर, तोच खळगा त्याच जागी दिसला तर दोन्ही एका साच्यातून ओतलेल्या आहेत. जुन्या रुपयांवर सराफांनी परखताना मारलेल्या खुणाही असतात. त्या असल्या की नाणे जुने, असे म्हणतात. पण ओतताना खुणाही ओतल्या जातात, म्हणून खुणेच्या कडा तीक्ष्ण आहेत की बोथट हे बघा. तांब्यावरचा हिरवा थर अस्सल असेल तर घट्ट बसलेला असतो. ॲसिटोनच्या कापसाला हिरवा रंग लागला तर तो रंगवलेला आहे.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ आहे, आणि त्याच्याबद्दल मराठी माणसाच्या मनात जी भावना आहे तिचाच फायदा घेतला जातो. वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम, सोने खरे, अक्षरे नीट, असे असूनही तो नवा असू शकतो, कारण आजही सोन्यावर ठसा मारता येतो. होनाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: घनता, भिंग, कस यांतले काहीही जुळले तरी जाणकार नाणकशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि पूर्वीच्या मालकीची खात्रीची नोंद असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे-नोटांचे संग्रहालय आहे, तिथे अस्सल नाणी काचेमागे का होईना, पाहता येतात. डोळा तयार करायला अशा जागी घालवलेला वेळ कामी येतो.

खरेदी करताना

समोर नाणे नसेल, फक्त फोटो असेल, तर दोन्ही बाजूंबरोबर कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर सोडून द्या. पावतीवर साल, प्रकार आणि ‘अस्सल नसल्यास परत’ असे लिहून घ्या. प्लॅस्टिकच्या सीलबंद खोक्यात, नाणी तपासणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थेचा क्रमांक असलेले नाणे घेत असाल, तर तो क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. खोकीही नकली निघतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी सराफाकडे मिळणारे व्हिक्टोरियाचे चित्र असलेले चांदीचे नाणे नवे असते. पूजेसाठी ते योग्यच आहे, पण ते जुना रुपया नाही, आणि त्याची शुद्धता पावतीवर लिहून घ्यायला हवी. वैष्णोदेवीचे २०१२ चे पाच-दहा रुपयांचे नाणे लाखोंना जाते अशा चित्रफिती येतात. ते चलनातले सर्वसाधारण नाणे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले आहे की जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचा कोणताही व्यवहार ती करत नाही आणि कसलीही फी, कमिशन मागत नाही. बँकेच्या नावाने फोन आला तर हेच ध्यानात ठेवा.

‘शेतात नांगरताना हंडा सापडला’ ही गोष्ट सांगून नाणी विकणारे अनेक भेटतात. गोष्ट खोटी असेल तर नाणीही खोटी. आणि खरी असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दोन्ही बाजूंनी ते नाणे घेऊ नये. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक लक्षात घ्यावे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि ते भेट म्हणून सामानात टाकून देशाबाहेर नेता येत नाही.

घरात आधीपासून असलेली नाणी चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. काळी छटा गेली की वर सांगितलेली मुलाम्याची परीक्षाच करता येत नाही आणि किंमतही पडते. नाणे कडेला धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात किंवा कागदी लिफाफ्यात वेगवेगळे ठेवा, आणि लिफाफ्यावर वजन, घनता, कुठून मिळाले, किती दिले हे लिहा.

तपासात एखादे नाणे नकली निघाले तर ते फेकू नका आणि विकूही नका. अभ्यासाला ते अस्सल नाण्याइतकेच उपयोगी आहे. त्याच्या लिफाफ्यावर पक्क्या शाईने ‘नकली’ असे लिहा, कशावरून नकली तेही एका ओळीत लिहा, आणि ते अस्सल नाण्यांपासून वेगळ्या डबीत ठेवा. उद्या तुमच्या मुलांनी किंवा नातवंडांनी डबी उघडली, तर ते नाणे कोणाला तरी अस्सल म्हणून दिले जाणार नाही.